गाव वसवणाऱ्या बाया

लोहारा आणि उमरगा तालुक्यांत माणसं अजूनही काळ मोजतात ते भूकंपाच्या हिशेबानं. थोरली पोरगी भूकंपाच्या साली झाली, विहीर भूकंपाआधी पाडली, सासरे भूकंपात गेले. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, रात्री उशिरापर्यंत विसर्जनाच्या मिरवणुका चालल्या होत्या आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसं गेली. या भूकंपाला किल्लारीचं नाव चिकटलं, आणि किल्लारी लातूर जिल्ह्यात. त्यामुळे सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी ही धाराशिव जिल्ह्यातली गावं बाहेरच्यांच्या आठवणीतून मागं पडली. पडझडीत मात्र ती मागं नव्हती.

तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या भूकंपावर लिहिताना आपण मृतांचे आकडे आणि बांधलेल्या घरांचे आकडे सांगतो. मला मागोवा घ्यायचा आहे तो तिसऱ्याच गोष्टीचा: घर आणि गाव गमावलेली माणसं नव्या जागी रुळली कशी आणि त्यांना रुळवलं कुणी?

परागंदा होणं या जिल्ह्याला नवं नव्हतं. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयानं सरहद्दीवरच्या गावांतली कुटुंबं निजामाची हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उलटं घडलं आणि मुसलमान कुटुंबांवर तीच पाळी आली. त्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाच्या उस्मानाबादचं, म्हणजे आजच्या धाराशिवचं, नाव घेतलं. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला आणि गावंच्या गावं मुंबई-पुण्याच्या वाटेला लागली. या सगळ्या वेळी बहुतेकांना आधार मिळाला तो पाहुण्यारावळ्यांचा, ओळखीपाळखीचा. १९९३ मध्ये पहिल्यांदाच एवढा पैसा, एवढं सरकार आणि एवढ्या संस्था एकदम दारात आल्या.

माणसं मेली ती घरांखाली. काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या जाडजूड भिंती, वर लाकडी खण आणि त्यावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात असं घर गार राही, माळवदावर धान्य वाळे, रात्री झोपता येई. दरवर्षी गळती थांबवायला वर माती पडत गेली आणि ओझं वाढत गेलं. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती तेवढ्या आत-बाहेर ढासळल्या. वाचलेल्यांच्या मनात दगडाची अशी धास्ती बसली की शाबूत घरातही कुणी झोपायला जाईना. जुन्या जागेवर परत राहायचं नाही, हे लोकांनीच सांगितलं. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवायचं ठरलं. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर राज्य सरकारचा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. सरकारनं गावं बांधली, तशी संस्थांनी, कारखान्यांनी, देणगीदारांनीही दत्तक घेऊन बांधली. तोवर मुक्काम पत्र्याच्या शेडमध्ये. मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याखाली काढलेले ते दिवस आठवले की बाया आजही कपाळाला हात लावतात.

नव्या गावांत घराचा आकार ठरला जमिनीवरून. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला साडेचारशे, मोठ्याला साडेसातशे. घरात खाणारी तोंडं किती, हा प्रश्न मागं राहिला. मला हा निर्णय तेव्हाही अन्यायाचा होता असं वाटतं आणि आजही वाटतं. ज्याच्याकडं काहीच नव्हतं, त्याच्या वाट्याला सगळ्यांत लहान खोली यावी याचं समर्थन कसं करायचं? रस्ते सरळ, ओळी सरळ, घरं एकासारखी एक. कागदावर गाव देखणं दिसे. पण जुन्या गावात वेस होती, पार होता, गल्लीच्या वळणावर बायकांची बसायची जागा होती, वाड्याच्या आत बैलांचा गोठा आणि कडब्याची गंज होती. नव्या गावात जनावर बांधायचं कुठं? शेत लांब पडलं. भावकी पांगली. विधवा सासूचं घर एका टोकाला आणि सुनेचं दुसऱ्या. शेजार नावाची गोष्ट नव्यानं जमवावी लागली.

ती जमवली बायांनी, आणि त्याची सुरुवात झाली घरदुरुस्तीच्या कामातून.

बावन्न गावं उठली, पण त्याहून कितीतरी जास्त गावं जागेवरच राहिली. तिथल्या दोन लाखांच्या आसपास घरांना भेगा पडल्या होत्या, भिंती फुगल्या होत्या. त्यांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम घरमालकानं स्वतः करायचं, अनुदान हप्त्याहप्त्यानं त्याच्या नावावर यायचं, एक टप्पा झाला की अभियंत्यानं पाहून दाखला द्यायचा आणि मग पुढचा हप्ता. व्यवस्था चांगली होती. पण गावात कुणालाच ती नीट कळत नव्हती. याद्या कुठं लागतात, हप्ता का अडला, भिंत पाडून नव्यानं बांधायची की आहे तीच बांधून घ्यायची, गवंडी सांगतो ते खरं की साहेब सांगतो ते? अशा वेळी प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था लोकसहभागाचं काम घेऊन लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत उतरली. संस्थेनं आग्रह धरला की सरकार आणि गाव यांच्यामधला माणूस गावातलाच असावा आणि ती बाई असावी. तिला नाव मिळालं संवाद सहायक. हजाराहून अधिक गावांत हे काम पोचलं.

संवाद सहायक बाई काय करायची? आधी तर ती घराबाहेर पडायची. ज्या भागात सून चावडीपुढून जाताना पदर ओढून, मान खाली घालून जायची, तिथं तीच सून आता ग्रामसभेत उभी राहून अनुदानाच्या याद्या वाचून दाखवू लागली. लिंटेलच्या उंचीवर चारी भिंतींना बांधून घेणारा काँक्रीटचा पट्टा का हवा, कोपऱ्यात उभी सळई का हवी, दगडी भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवणारा लांब दगड मधून मधून का घालायचा, माळवदावरची माती का उतरवायची, हे ती दारोदार सांगायची. सिमेंट कमी पडतंय हे तिच्या ध्यानात यायचं, कारण कामाच्या वेळी घरी असायच्या त्या बायकाच. पुरुष शेतावर किंवा तालुक्याला. भिंतीवर पाणी मारायचं कामही बायकांचंच. सिमेंटवर वेळेवर पाणी पडलं नाही तर भिंत कच्ची राहते, एवढी साधी गोष्ट अभियंत्याच्या वहीत नसते, पाणी वाहून आणणारीच्या हातात असते.

घरांपासून निघालेल्या या बाया मग घरांवरच थांबल्या नाहीत. महिला मंडळं पाण्याच्या टाकीबद्दल बोलू लागली, रेशनबद्दल, अंगणवाडीबद्दल. जिचा नवरा आणि पोरं भूकंपात गेली, तिला बैठकीला बोलवायला कुणीतरी जात असे. शोक हलका करायचे उपाय तज्ज्ञांकडं असतीलही. पण इथं तो वाटून घेतला गेला बैठकीच्या निमित्तानं, चहाच्या निमित्तानं, बचतीचे दहा-वीस रुपये जमा करण्याच्या निमित्तानं.

पोरक्या मुलांची कहाणी वेगळ्या वाटेनं गेली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढं वाघोलीला त्यांच्यासाठी शैक्षणिक संकुल उभं राहिलं. खेड्यातल्या मुलांनी एकदम शहरात येऊन राहणं म्हणजे दुसरं स्थलांतरच. इकडं नळदुर्गजवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून, राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं ‘आपलं घर’ उभं केलं. इथं मुलं आपल्याच मातीत, आपल्याच बोलीत वाढली. दोन्हींची गरज होती. मला स्वतःला नळदुर्गचा मार्ग अधिक जवळचा वाटतो, कारण आईबाप गेलेल्या पोराचं निदान गाव तरी तुटू नये. पण पुण्यात शिकून उभी राहिलेली मुलं पाहिली की तोही निर्णय धाडसाचा होता, हे मान्य करावंच लागतं.

आरोग्याच्या बाबतीत अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं तेच केलं, जे संवाद सहायकांच्या कामात दिसलं. डॉ. शशिकांत अहंकारी यांनी गावातल्याच, कमी शिकलेल्या बायांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. सास्तूरला स्पर्श रुग्णालय आलं.

१९९८ मध्ये पुनर्वसन कार्यक्रम संपला. संवाद सहायक हे पद कार्यक्रमाबरोबर आलं आणि कार्यक्रमाबरोबरच गेलं. सरकारनं त्या बायांना आपल्या यंत्रणेत कायमची जागा दिली असती, तर या जिल्ह्याचा पुढचा इतिहास वेगळा झाला असता, असं मी ठामपणे म्हणेन. पण बाया घरी परत गेल्या नाहीत. बचत गट वाढले, गटांचे संघ झाले. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिकडं गेल्या. भाषा परकी, मुलूख परका. पण पत्र्याच्या शेडमध्ये चूल कुठं मांडायची आणि हप्ता अडला तर कुणाला विचारायचं, हे सांगायला कुणा दुभाष्याची फारशी गरज पडली नसावी. २००४ च्या सुनामीनंतर हाच अनुभव तामिळनाडूच्या किनाऱ्यावर गेला. ज्यांनी स्वतः भूकंप सोसला होता, त्याच दुसऱ्यांना बसतं करायला निघाल्या. पुढं दुष्काळाच्या वर्षांत याच जाळ्यातून बायांनी घरच्या जमिनीतला एक एकर मागून घेतला आणि त्यात कमी पाण्यावर डाळी, भाज्या, भरड धान्य पिकवलं. २०१६ मध्ये स्वयं शिक्षण प्रयोगाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये प्रेमाताई गेल्या.

नवी गावंही आता तेव्हाची राहिली नाहीत. अडीचशे फुटांच्या खोलीपुढं पत्रा आला, मागं गोठा आला, मोकळ्या जागेत लेकाची खोली आली. आराखड्यातली ओळ मोडली. अधिकाऱ्यांना ते अतिक्रमण दिसतं. मला त्यात माणसं रुळल्याची खूण दिसते.

पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. याच जिल्ह्यातून, कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयती निघतात. नवरा-बायको, बरोबर लहान लेकरं, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते म्हणून थांबता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडाजवळ पालं पडतात आणि सहा महिने तेच गाव. मागं राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे, ग्रामसेवकानं ओळखपत्र द्यायचं असंही ठरलं आहे. पण फडावर पोचल्यावर रेशन कुठं मिळेल, बाळंतीण झाली तर दवाखाना कोणता, मुकादमानं हिशेब दिला नाही तर कुणाकडं जायचं, हे सांगणारी आपल्या बोलीतली बाई तिथं नसते. कारखान्याच्या कार्यक्षेत्रात आणि निघणाऱ्या गावात, दोन्हीकडं एकेक संवाद सहायक नेमायला नवा शोध लावावा लागणार नाही. हे काम करून दाखवलेल्या बाया लोहारा-उमरग्यात अजून आहेत. त्या आता साठीच्या आसपास आल्या आहेत. त्यांच्याकडून ते शिकून घ्यायला फार वर्षं उरलेली नाहीत.