पालकसभेला कोण जाणार? ताई!

आपल्याकडे इंग्रजी शाळा म्हटली की सरसकट 'कॉन्व्हेंट', मग तिथे एकही सिस्टर नसली तरी! पण तुमचं धाकटं भावंड खरोखर फादर-सिस्टरच्या शाळेत असेल, तर हा प्रश्न तुमच्या घरातही आला असेल: शनिवारच्या पालकसभेला जायचं कोणी?

पूर्वी उत्तर सोपं होतं. आईला जमलं नाही तर काका, नाहीतर आजोबा. आता बघा. आई-बाबा शेतीसाठी राळेगावकडे, मुलं यवतमाळात खोली करून, सोबत आजी. कुणाचे बाबा पुण्यात कंपनीत. कुठे आई-बाबा वेगळे राहतात. आणि शेतकरी आत्महत्यांचं दुःख पाहिलेल्या आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरं एकटी आई चालवते. कापसाच्या वेचणीत सभा आली की तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. सूचना इंग्रजीत, आणि स्मार्टफोन भलत्याच्याच हातात. मग शाळेला वाटतं, 'या पालकांना इंटरेस्टच नाही.'

इथे एक फरक लक्षात घ्या. वसईत किंवा गोव्यात अनेक पालक आणि फादर रविवारी चर्चमध्येही भेटतात. आपल्याकडे बहुतेक पालक ख्रिस्ती नाहीत. त्यामुळे डायरी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि पालकसभा, एवढाच काय तो पूल. तो तुटला की संपलं.

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. पण २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. म्हणून इथे महत्त्वाचा ठरतो तो पालक-शिक्षक संघ. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने खासगी शाळांना तो सक्तीचा केलाय. प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो आणि फीचा प्रस्तावही त्याच्या कार्यकारी समितीपुढे येतो. म्हणजे सभा चुकली तर फक्त मार्क कळायचे राहत नाहीत, फीबद्दल बोलायची संधीही जाते.

गंमत म्हणजे चर्चची स्वतःची भूमिकाही पालकांच्याच बाजूची आहे. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावरच्या जाहीरनाम्यात आई-वडिलांना मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलं. प्रश्न एवढाच, की त्या जागी आजी किंवा ताई असेल तर शाळा तिलाही खुर्ची देणार का?

तोवर तुम्ही काय कराल? वर्षाच्या सुरुवातीलाच आईच्या सहीचं पत्र देऊन सभेला कोण येणार ते शाळेला कळवा. ग्रुपमध्ये स्वतःचा नंबर टाकायला सांगा. सूचना आली की मराठीत व्हॉइस नोट करून आईला पाठवा. सभा संध्याकाळी किंवा फोनवर घेता येईल का, हे क्लासटीचरला सरळ विचारा. आणि आईऐवजी सगळं तुम्हीच ठरवून मोकळे होऊ नका. वर्षातून एकदा तरी तिला सोबत न्या, बाजूला बसून टीचरचं बोलणं समजावून सांगा. तिलाही विचारायचं असतं. इंग्रजीच्या धाकाने ती गप्प बसते, एवढंच.