काहीतरी करपतंय!

"काहीतरी करपतंय रे!" मागच्या सीटवरून आजी म्हणाली तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते, बाहेर धो धो पाऊस होता आणि आमची जुनी गाडी कुंभार्ली घाट उतरत होती. गणपतीसाठी आम्ही कराडहून चिपळूणजवळच्या गावी निघालो होतो. बाबा गाडी चालवत होते. शेजारी अस्मादिक, इलेक्ट्रिकलचं तिसरं वर्ष, म्हणजे घरातले अधिकृत इंजिनिअर! मी ऐटीत सांगून टाकलं, "ब्रेकचा वास असेल, घाटात येतोच."

"मला दूध लागल्याचा वास वेगळा कळतो आणि चिंधी जळल्याचा वेगळा. हे काहीतरी भलतंच आहे," आजी म्हणाली. बाबांनी जागा बघून गाडी बाजूला घेतली.

मंडळी, त्या दिवसापासून मी नाकाला मीटरइतकाच मान देतो. गाडीत जळका वास आला की दोन प्रश्न विचारायचे: वास कशासारखा आहे आणि नेमका कधी, कुठून येतोय? निम्मं निदान इथेच होतं.

१. क्लच : कागद जळल्यासारखा उग्र वास. चढावर, ट्रॅफिकमध्ये 'हाफ क्लच' धरून ठेवला की येतो. उपाय सोपा, थांबा आणि प्लेट थंड होऊ द्या. पण इंजिन ओरडतंय आणि गाडी पळत नाही असं झालं, तर प्लेट गेली समजा.

२. ब्रेक : वास साधारण तसाच, पण बाहेरून, चाकाकडून येतो आणि उतारावर येतो. उताराला खालच्या गिअरमध्ये राहिलं तर ब्रेकला इतकं राबावं लागत नाही. एकच चाक जास्त तापलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकलाय. हँडब्रेक ओढलेला राहिलाय का, हेही बघा (हसू नका, सगळ्यांचं होतं!).

३. ऑइल : टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळतं आणि ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. तळणीचं तेल जळल्यासारखा वास आणि बॉनेटमधून निळसर धूर. गॅस्केट बदललं की काम संपलं.

४. पिशवी : रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटते आणि उगाच घाबरवते. गाडी थंड झाल्यावर खाली वाकून बघा.

५. वायर : कोंदट, डोळ्यांना झोंबणारा प्लास्टिकचा वास, तोही गाडीच्या आत. हा सगळ्यात वाईट. इथे 'घरी जाऊन बघू' चालत नाही.

आम्ही एकेक नाव खोडत गेलो. उतार होता, म्हणजे क्लच नाही. हाताचा पंजा चाकांजवळ नेऊन पाहिला, सगळी सारखीच कोमट. बॉनेटखाली धूर नाही. वास होता तो स्टिअरिंगच्या खाली. दिव्यांच्या स्विचला हात लावला आणि चटका बसला!

आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण कारण मीच होतो.

महिन्याभरापूर्वी 'रात्री नीट दिसत नाही' म्हणून मी ६०/५५ वॉटचे हेडलाइटचे बल्ब काढून १००/९० वॉटचे बसवले होते. काही दिवसांनी फ्यूज उडाला. मी काय करावं? १५ अँपिअरचा निळा फ्यूज काढून ३० चा हिरवा लावला, आणि प्रॉब्लेम सॉल्व्ह म्हणून पाठ थोपटून घेतली.

आता गणित बघा, अगदी पहिल्या वर्षाचं. ६० वॉटचे दोन बल्ब, १२ व्होल्ट, म्हणजे १० अँपिअर. १०० वॉटचे दोन, म्हणजे जवळजवळ १७. करंट पावणेदोन पटही नाही, पण उष्णता वाढते करंटच्या वर्गाने, म्हणजे पावणेतीन पट! आमच्या गाडीत हा सगळा करंट स्विचमधून जायचा. स्विचचे काँटॅक्ट जुने, झिजलेले, त्यामुळे त्यांचा रेझिस्टन्स आधीच जास्त. परीक्षेत I²R मी डोळे मिटून लिहिला होता. गाडीतही डोळे मिटूनच होतो.

दिवे बंद केले, चावी काढली, १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. धूर नव्हता म्हणून इतकं तरी करता आलं. धूर किंवा ज्वाळा दिसली तर आधी सगळ्यांनी गाडीतून उतरून लांब जायचं. बॉनेट सताड उघडायचं नाही, हवा मिळाली की आग भडकते. स्विच गार झाल्यावर हेडलाइटचा फ्यूज काढला, बॅटरी जोडली, पार्किंगचे लाल-पिवळे दिवे लुकलुकत ठेवले आणि उजाडेपर्यंत तिथेच बसलो. आजी जप करत होती. बाबा काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

चिपळूणला इलेक्ट्रिशियनने स्विच उघडला. प्लास्टिक वितळून मेणासारखं झालेलं, दोन वायरींचं आवरण काळं पडून तडकलेलं. "फ्यूज कोणी बदलला?" त्याने विचारलं. बाबांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

त्याने स्विच आणि वायरी बदलल्या आणि रिले बसवला. आता बॅटरीपासून जाड वायर फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला जाते आणि ८७ मधून दिव्यांना. जुना स्विच फक्त ८५-८६ मधली कॉइल चालवतो, त्यातून एक अँपिअरसुद्धा जात नाही. बल्ब मात्र मी पुन्हा ६०/५५ चेच लावले, समोरच्याच्या डोळ्यांचाही विचार हवा ना!

हे सगळं इथे लिहायचं कारण? आपल्या हॉस्टेलवर एका एक्स्टेंशन बोर्डवर कॉइल, इस्त्री आणि कॉम्प्युटर सुखाने नांदतात. फ्यूज उडाला की कोणीतरी हुशार प्राणी त्यात जाड तार गुंडाळतो, आणि आपण त्याला 'जुगाडू' म्हणून टाळ्या देतो. तेव्हा लक्षात ठेवा, फ्यूज उडतो तेव्हा तो बिघडलेला नसतो, आपलं काम करत असतो. त्याचं तोंड बंद करण्याआधी तो काय सांगतोय ते ऐका.

(रेक्टर सर, माझ्या खोलीत कॉइल नाही. शपथ!)