जल्लोष करा, पण वाट काढणाऱ्यांची नावंही घ्या

ज्या संघाकडून कुणालाच आशा नसते, तो प्लेऑफमध्ये जिंकला की तुम्ही काय करता? सोफ्यावरून उडी मारता, शेजाऱ्यांची झोपमोड करता, फॅमिली ग्रुपवर मेसेजचा पाऊस पाडता. खेळ क्रिकेट असो, कबड्डी असो की फुटबॉल, हा आनंद सगळीकडे सारखाच. बलाढ्य संघ जिंकला की आपण टाळ्या वाजवतो, दुबळा जिंकला की आपणच जिंकल्यासारखे नाचतो. कारण रोजच्या आयुष्यात आपणही बहुतेक वेळा त्या दुबळ्या बाजूलाच असतो.

काही विजय मात्र फक्त मैदानावरच्या ११ जणांचे नसतात. त्यांच्यामागे अशी माणसं असतात, जी तो सामना कधी खेळलीच नाहीत, कारण त्यांना खेळू दिलं गेलं नाही. तुम्ही कोणत्याही खेळाचे चाहते असा, जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकेत घडलेली ही गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी.

आधी खेळ समजून घ्या

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचं असतं आणि समोरचे धिप्पाड खेळाडू तुम्हाला आडवं करायला धावून येतात. या सगळ्या गोंधळात एकजण डोकं शांत ठेवून डाव चालवतो. कुणाकडे चेंडू फेकायचा, कधी स्वतः पळायचं, हे तो काही सेकंदांत ठरवतो. तो म्हणजे क्वार्टरबॅक. संघाचा मेंदू म्हणा ना.

जानेवारीत प्लेऑफ सुरू होतात. इथे दुसरी संधी नसते. हरलात की थेट घरी. जिंकत जिंकत शेवटपर्यंत पोहोचलात तर अंतिम सामना, म्हणजेच सुपर बोल.

राखीव बाकावरचा खेळाडू

१९८७ च्या हंगामात वॉशिंग्टनच्या संघात डग विल्यम्स नावाचा क्वार्टरबॅक होता. तो संघाची पहिली पसंती नव्हता. त्या हंगामातले फक्त २ साखळी सामने त्याने सुरुवातीपासून खेळले आणि ते दोन्ही संघ हरला. प्लेऑफच्या तोंडावर प्रशिक्षक जो गिब्स यांनी पहिल्या पसंतीच्या खेळाडूला बाजूला ठेवलं आणि ३२ वर्षांच्या विल्यम्सच्या हाती संघ दिला.

विल्यम्स इथवर सरळ रस्त्याने आला नव्हता. लुइझियाना राज्यातल्या झॅकरी या छोट्या गावचा हा मुलगा. १९७८ मध्ये त्याला टँपा बे या संघाने घेतलं. हा संघ इतका कच्चा होता की जन्मापासूनचे पहिले २६ सामने ओळीने हरला होता. विल्यम्स आल्यावर ५ हंगामांत त्याच संघाने ३ वेळा प्लेऑफ गाठले. तरीही त्याचा पगार इतर संघांतल्या अनेक राखीव क्वार्टरबॅकपेक्षाही कमी होता. वाढ मागितली, बोलणी फिसकटली. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, त्याची पत्नी मेंदूच्या गाठीमुळे गेली. पदरात काही महिन्यांची लेक. त्याने संघ सोडला, दुसऱ्या एका लीगमध्ये खेळला, तर ती लीगही बंद पडली. मग गिब्स यांनी त्याला वॉशिंग्टनला बोलावलं, तेही राखीव खेळाडू म्हणून.

३ रविवार

१० जानेवारी १९८८. शिकागोचं मैदान, हाडं गोठवणारी थंडी. शिकागोच जिंकणार असा सगळ्यांचा होरा. बघता बघता वॉशिंग्टन ०-१४ ने मागे पडलं. पण मध्यंतरापर्यंत त्यांनी १४-१४ अशी बरोबरी साधली आणि नंतर डॅरेल ग्रीनने शिकागोने लाथाडलेला चेंडू झेलून ५२ यार्डांची धाव घेतली. पळता पळता त्याच्या बरगडीजवळ दुखापत झाली, तरी तो थांबला नाही. वॉशिंग्टनने सामना २१-१७ ने जिंकला.

१७ जानेवारीला घरच्या मैदानावर मिनेसोटाचा १७-१० असा पराभव झाला. दुसऱ्या दिवशी, १८ जानेवारीला, अमेरिकेत मार्टिन लूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी होती. ही तारीख लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

३१ जानेवारी, सॅन डिएगो, सुपर बोल. समोर डेन्व्हर आणि त्यांचा तारा जॉन एलवे. जाणकारांचा कौल डेन्व्हरच्याच बाजूने. आदल्याच दिवशी विल्यम्सच्या दाताचं रूट कॅनाल झालं होतं. सामना सुरू झाला आणि एलवेच्या पहिल्याच फेकीवर डेन्व्हरने गुण मिळवले. थोड्याच वेळात ०-१०. त्यात विल्यम्सचा गुडघा मुरगळला आणि त्याला बाहेर जावं लागलं. टीव्हीसमोरच्या कितीतरी चाहत्यांनी तेव्हा कपाळावर हात मारला असेल.

पण तो परत आला. दुसऱ्या सत्रात त्याने जे केलं ते आजही दाखवलं जातं. पहिली फेक ८० यार्डांची, थेट गुण. मग दुसरी, तिसरी, चौथी. एकाच सत्रात गुण मिळवून देणाऱ्या ४ फेकी आणि संघाचे ३५ गुण! सामना संपला तेव्हा फलक होता वॉशिंग्टन ४२, डेन्व्हर १०. सामनावीर, डग विल्यम्स.

सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळणारा आणि तो जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

मेंदूची जागा आणि जुना पूर्वग्रह

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये कितीतरी कृष्णवर्णीय खेळाडू तेव्हाही होते. होते ना. पळायला होते, अडवायला होते, झेलायला होते. पण डाव चालवायची जागा आली की 'हे डोक्याचं काम त्यांना जमणार नाही' असा पूर्वग्रह आडवा यायचा. कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून गाजलेल्या कृष्णवर्णीय मुलांना व्यावसायिक संघात दुसऱ्या जागेवर खेळायला लावायचे.

मार्लिन ब्रिस्को याचंच उदाहरण घ्या. १९६८ मध्ये डेन्व्हरसाठी क्वार्टरबॅक म्हणून तो उतरला आणि पहिल्याच हंगामात त्याच्या १४ फेकींवर संघाला टचडाउन मिळाले. पुढच्या वर्षी त्याला ती जागा परत मिळाली नाही. पोट भरायचं तर दुसरी भूमिका शिकणं भाग होतं. तो चेंडू झेलणारा खेळाडू झाला आणि मायामीच्या संघातून २ सुपर बोल जिंकला. म्हणजे गुणवत्ता होतीच, दार बंद होतं.

जेम्स हॅरिस त्याच्या पाठोपाठचा. प्लेऑफचा सामना जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक तो, १९७४ मध्ये. हॅरिस आणि विल्यम्स दोघेही ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या कॉलेजातून आलेले, दोघांचे गुरूही एकच, एडी रॉबिन्सन. मुलांना क्वार्टरबॅक म्हणूनच घडवायचं, हा त्यांचा हट्ट होता. असा गुरू नसता तर पुढचा सुपर बोलही कदाचित वेगळाच झाला असता.

त्याही आधी जाऊ या. १९२० मध्ये ही लीग सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्याच विजेत्या संघात फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. पुढच्या वर्षी तो लीगमधला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षकही झाला. पण १९३४ ते १९४५ अशी १२ वर्षं लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसला नाही. लेखी नियम कुठेच नव्हता, तरी सगळे मालक तो पाळत होते. केनी वॉशिंग्टन हा कॉलेजचा लाडका तारा ऐन भरात असताना त्याला कुणी घेतलं नाही. १९४६ मध्ये लॉस एंजेलिसचं सार्वजनिक मैदान एका संघाला हवं होतं. तिथल्या कृष्णवर्णीय पत्रकारांनी प्रश्न लावून धरला. लोकांच्या पैशाचं मैदान, मग लोकांतले काही जण बाहेर का? तेव्हा कुठे केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना प्रवेश मिळाला. तोवर केनीचे गुडघे थकले होते. तो जेमतेम ३ हंगाम खेळला.

सगळ्यात शेवटी उघडलेलं दार

आता मूळ गोष्टीकडे येऊ. एकेक करून लीगच्या इतर सगळ्या संघांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेतले. शेवटपर्यंत अडून बसला तो एकच संघ. कोणता? हाच, विल्यम्सचा वॉशिंग्टन! त्याचे तेव्हाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल बधायला तयारच नव्हते.

१९६१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं. जमीन केंद्र सरकारची होती. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे मंत्री स्ट्युअर्ट युडल यांनी मार्शल यांना स्पष्ट बजावलं की सरकारी जागेवर खेळायचं तर भेदभाव चालणार नाही. अखेर १९६२ मध्ये बॉबी मिचेल आणि त्याच्याबरोबर आणखी काही कृष्णवर्णीय खेळाडू वॉशिंग्टनच्या संघात आले. मिचेलने मैदान गाजवलं, मैदानाबाहेर मात्र अपमान गिळले.

याच स्टेडियमला पुढे रॉबर्ट केनेडी यांचं नाव दिलं गेलं. आणि १७ जानेवारी १९८८ ला, किंग जयंतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, विल्यम्सने मिनेसोटाला हरवून सुपर बोल गाठला, तो इथेच! ज्या जमिनीसाठी सरकारला मालकाचे कान उपटावे लागले, तिथेच २६ वर्षांनी हजारो चाहते त्याच्या नावाने जल्लोष करत होते. बॉबी मिचेल तेव्हा त्याच संघाच्या व्यवस्थापनात काम करत होते. दार उघडणाऱ्याला दारातून आत आलेला माणूस डोळ्यांनी बघायला मिळाला. सगळ्यांच्या नशिबी हे नसतं.

सुट्टीसाठी गमावलेला सुपर बोल

डॉ. मार्टिन लूथर किंग यांच्याबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको. १९५९ मध्ये ते भारतात आले होते आणि मुंबईत गांधीजींच्या वास्तव्याने पावन झालेल्या मणिभवनात राहिले होते. त्यांच्या जयंतीची राष्ट्रीय सुट्टी अमेरिकेत १९८६ पासून पाळली जाऊ लागली. जानेवारीतला तिसरा सोमवार हा तो दिवस, म्हणजे नेमका प्लेऑफचा हंगाम. त्यामुळे तिथल्या चाहत्याला जल्लोष आणि आठवण दोन्ही एकाच आठवड्यात भेटतात.

पण ही सुट्टीही सहज मिळाली नाही. १९९० मध्ये ॲरिझोना राज्यातल्या मतदारांनी ती नाकारली. तिथे १९९३ चा सुपर बोल व्हायचा होता. लीगने तो सामना उचलून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे नेला. १९९२ मध्ये ॲरिझोनाने सुट्टीच्या बाजूने कौल दिला आणि १९९६ चा सुपर बोल त्या राज्याला मिळाला.

त्याआधीही खेळाडूंनी असा हिसका दाखवला होता. जानेवारी १९६५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला एक मोठा सामना ठरला होता. तिथे पोहोचलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना टॅक्सीवाले बसवून घेईनात, क्लबवाले आत सोडीनात. खेळाडूंनी खेळायलाच नकार दिला, आणि तो सामना ह्यूस्टनला हलवावा लागला.

१२ फेब्रुवारी २०२३ ला ॲरिझोनातच सुपर बोल झाला. पॅट्रिक माहोम्स विरुद्ध जेलन हर्ट्स. सुपर बोलमध्ये दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असण्याची ही पहिलीच वेळ. सामना रंगला, माहोम्सच्या कॅन्सस सिटीने ३८-३५ ने बाजी मारली. ब्रिस्कोला ज्या जागेवरून उठवलं होतं, त्या जागेबद्दल आता कुणी शंका घेत नव्हतं.

चाहते म्हणून तुम्ही काय कराल?

- मुलांबरोबर सामना बघत असाल तर त्यांना एक प्रश्न विचारा. या जागेवर आपल्यासारखं कुणी पहिल्यांदा कधी खेळलं? उत्तर शोधताना त्यांना इतिहासाचं पुस्तक वाचतोय असं वाटणारही नाही.
- फक्त जिंकलेल्यांची नावं पाठ करू नका. ज्यांना जागा नाकारली गेली, त्यातलं एक तरी नाव लक्षात ठेवा.
- आपल्या गल्लीतल्या, शाळेतल्या, सोसायटीतल्या संघाकडे बघा. 'हिला जमणार नाही', 'त्याचं हे काम नाही' असं म्हणून कुणाला बाकावर बसवलंय का? वॉशिंग्टनचा संघ अडून बसला तेव्हा नुकसान त्याचंही होतच होतं.
- घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, त्यांच्या काळात कोणती दारं बंद होती आणि ती कुणी ढकलली. प्रत्येक घरात असं एखादं नाव निघतंच.

पुढच्या वेळी तुमचा दुबळा संघ प्लेऑफमध्ये बाजी मारेल तेव्हा मनसोक्त नाचा, पेढे वाटा, ग्रुपवर धुमाकूळ घाला. आणि त्याच ग्रुपवर एक मेसेज त्यांच्या नावाचाही टाका, ज्यांनी तो संघ, ते मैदान, ती जागा सगळ्यांसाठी खुली केली.