आधी राख, मग तिकीट

भुसावळ सोडून वरणगावच्या रस्त्याला लागलं की दीपनगरच्या चिमण्या दिसू लागतात. या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला, ६२.५ मेगावॅटचा. आता तिथे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, ६६०चा नवा उभा राहिला आहे. त्यांच्यापुढे तो पहिला संच खेळण्यातला वाटावा. तो कधीच निवृत्त झाला, आणि नंतर २१० मेगावॅटचाही एक गेला.

थकलेल्या कारखान्याचं करायचं काय, याला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे : आधी भंगार, मग गाळे. जळगावात स्टेशनजवळ मूळजी जेठांची खान्देश मिल होती, एकोणिसाव्या शतकातली. त्या जागेवर आता ‘खान्देश सेंट्रल’ आहे. खान्देश नावात उरला. सूत कुठे निघायचं, भोंगा किती वाजता व्हायचा, हे नातवाला दाखवायचं तर नुसतं बोट दाखवावं लागतं.

लंडनचं बॅटरसी वीज केंद्र १९८३ साली बंद पडलं. चाळीस वर्षं लोळत पडलं आणि २०२२ साली उघडलं, तेही दुकानं, कचेऱ्या आणि घरांसाठीच. पण त्यांनी चार चिमण्या राखल्या. खरं तर जीर्ण झालेल्या पाडून हुबेहूब तशाच पुन्हा बांधल्या. त्यातल्या एकीतून आता काचेची लिफ्ट १०९ मीटर वर जाते आणि लोक पैसे मोजून शहर बघतात.

मला त्याहून जर्मनीतलं ड्युसबुर्ग मोलाचं वाटतं. तिथला लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद झाला आणि १९९४ साली बाग म्हणून खुला झाला. पीटर लाट्झ या रचनाकाराने भट्ट्या पाडल्या नाहीत. लोक भट्टीवर चढतात, खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहण शिकतात. जुन्या गॅसच्या टाकीत दोन कोटी लिटरहून जास्त पाणी भरलंय, त्यात पाणबुडे सराव करतात. बागेत शिरायला तिकीटही नाही. मात्र हे सगळं व्हायच्या आधीचं काम फोटोत येत नाही. सगळ्यात विषारी माती-राडारोडा वेगळा काढला, जुन्या बंकरांत भरला, वरून सीलबंद केला. गटार झालेल्या नदीचं सांडपाणी जमिनीखालच्या नळातून नेलं, आणि वरच्या कालव्यात फक्त पावसाचं पाणी ठेवलं.

आपल्याकडे विष म्हणजे राख. भारतीय कोळशात ती तीस-चाळीस टक्के असते. शंभर टन जाळला की तीस-चाळीस टन मागे उरते. बारीक राख धुरातून पकडतात, सिमेंटला आणि विटांना देतात. दीपनगरात बाकीची पाण्यात कालवून नळाने जवळच्या वेल्हाळे गावच्या बंडात, म्हणजे बांध घातलेल्या राखेच्या तळ्यात, सोडतात. ओली असते तोवर ती गपगार. वैशाखात वरचा थर वाळतो, वारा सुटतो आणि ती उठते. ही राख चुलीतली नव्हे, भांडी घासायच्या कामाची नव्हे. तिच्यात आर्सेनिक, शिसं, पारा यांचे अंश असतात. अशा बंडावर नुसती माती टाकून, झाडं लावून, ‘उद्यान’ अशी पाटी ठोकणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

म्हणून दीपनगरबद्दल माझं मागणं साधं आहे. बंडाखालचं आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तपासा, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. जुन्या संचांतलं अॅस्बेस्टॉस जाणत्या माणसांकडून काढून घ्या. भंगारवाल्याच्या पोराच्या हातात ते पडू नये. एक टर्बाइन तरी वजनावर विकू नका. शाळेच्या सहली हतनूर धरणावर पक्षी बघायला जातातच. त्याच धरणाचं पाणी वापरून कोळशापासून वीज कशी झाली, ते पोरांना वाटेत उतरून बघू द्या.

आणि हे सगळं व्हायच्या आधीच तुम्हाला वेल्हाळ्याला जायचं असेल, तर मे महिन्यात दुपारी, वारा सुटल्यावर जा. नाकाला रुमाल बांधून जा.