पितृपंधरवड्यात उतरवा, दसऱ्याला राखा

आज रविवार. बहुतेक घरांत पोहे होऊन पुरवणी हातात आली असेल. याच वेळी पुण्याभोवतीच्या वाकड, बालेवाडी, खराडी, वाघोली या भागांत घरे विकणारी कितीतरी मुलेमुली इस्त्रीचे कपडे घालून साइट ऑफिसात हजर झाली आहेत. घर पाहायला लोक सुट्टीच्या दिवशीच निघतात, म्हणून शनिवार-रविवार हे या धंद्याचे सर्वात गर्दीचे दिवस. साप्ताहिक सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी मिळते, आणि त्या दिवशीही फोन वाजायचा थांबत नाही. नोकरदार माणूस संध्याकाळी सहानंतर मोकळा होतो, तेव्हा एजंटचे खरे काम सुरू होते. परदेशातल्या गिऱ्हाइकाशी बोलायचे तर रात्रीचे अकरा वाजतात.

वजन कमी करण्याचे बहुतेक सल्ले नऊ ते सहा नोकरी करणाऱ्याला समोर ठेवून लिहिलेले असतात. संध्याकाळी सातला जेवा, रोज ठरल्या वेळी जिमला जा, रविवारी आठवड्याची भाजी निवडून ठेवा. घरे विकणाऱ्याच्या आठवड्यात यातले काहीच बसत नाही. मग तो चार दिवस प्रयत्न करतो, पाचव्या दिवशी एक व्हिजिट लांबते, सगळे मोडते आणि दोष स्वतःच्या मनोनिग्रहावर येतो. मला हे अन्यायाचे वाटते. अडचण बहुतेकदा वेळापत्रकात असते, आणि वेळापत्रक या धंद्याच्या चालीप्रमाणे बेतले तर वजन उतरू शकते.

आधी खाण्याचे पाहू. सकाळी नऊला चहा-बिस्किटे किंवा घाईत एक पोळी. एक ते चार या वेळात जेवायचे, पण नेमके तेव्हाच कोणीतरी कुटुंब घेऊन येते. डबा गाडीच्या डिकीत राहतो. पाच वाजता भुकेने जीव कासावीस होतो तेव्हा जवळ असते ती वडापावची गाडी. एका वडापावात ढोबळमानाने ३०० कॅलरी असतात आणि त्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. पण आठ तास उपाशी राहिलेला माणूस एकावर थांबत नाही, आणि रात्री साडेदहाला घरी जाऊन पुन्हा पोटभर जेवतो. दिवसभराचे बहुतेक अन्न संध्याकाळी पाचनंतर पोटात जाते, तेही भुकेच्या टोकाला.

त्याहून फसवा भाग चहाचा. गिऱ्हाईक आले की चहा, बँकेचा माणूस आला की चहा, दुय्यम निबंधक कार्यालयात सर्व्हर बंद पडला की बाहेरच्या टपरीवर चहा. एका कपात दोन चमचे साखर धरली तर ती साधारण १० ग्रॅम होते. दिवसाला सहा कप म्हणजे ६० ग्रॅम, म्हणजे केवळ साखरेच्या २४० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगले. २,००० कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे जेवणाचा घास घेण्याआधीच मर्यादा ओलांडलेली. त्यात पाहुण्याबरोबर आपणही घेतलेले थंड पेय (३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर) आणि प्रत्येक बुकिंगचे पेढे. एकच बदल करायचा असेल तर इथे करावा. सहातले चार चहा बिनसाखरेचे केले की दिवसाला १६० कॅलरी वाचतात, आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

‘दिवसभर पायांवरच असतो, वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य या क्षेत्रात नेहमी ऐकू येते. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग कारमध्ये, टू-व्हीलरवर आणि फोन कानाला लावून खुर्चीत जातो. बसणे आणि चढणे यांतला फरक दाखवणारा एक जुना अभ्यास लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा आहे. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तो प्रसिद्ध केला. दुमजली बसचे कंडक्टर दिवसाला शेकडो पायऱ्या चढउतर करत, चालक बसून असत, आणि कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. तीन वर्षांनी मॉरिस यांनी या लोकांच्या गणवेशांची मापे तपासली, तर चालकांच्या विजारी कमरेला अधिक रुंद निघाल्या. चालक नोकरीला लागतानाच थोडे जाड होते, असेही त्यातून दिसले, त्यामुळे सगळे श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. तरी पायऱ्यांचे महत्त्व त्यानंतरच्या संशोधनाने वाढतच गेले.

घरे दाखवणाऱ्याला पायऱ्या शोधायला जावे लागत नाही. गिऱ्हाइकाला लिफ्टने न्यावे, ते गेल्यावर किल्ली परत करायला आपण जिन्याने जावे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत मात्र हा प्रयोग नको. कठडे नसलेला जिना व्यायामासाठी नसतो. शिवाय आठवड्याला किमान १५० मिनिटे दमवणारी चाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. त्यासाठी सकाळचाच वेळ खात्रीचा, कारण सात वाजता कोणी फ्लॅट पाहायला येत नाही. संध्याकाळची जिम या धंद्यात टिकत नाही, तिचे वर्षाचे पैसे भरू नयेत.

आता काट्यावरच्या आकड्याविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराबद्दल जे दाखवून दिले, ते या तरुण एजंटांना कोणीतरी सांगायला हवे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हाडापेराने बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी साठते आणि मधुमेहाचा धोका लवकर सुरू होतो. म्हणून आपल्याकडे २३ बीएमआयलाच जादा वजन धरतात आणि २५ ला लठ्ठपणा. त्याहून सोपी खूण म्हणजे शिंप्याची टेप: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त झाली की रक्तातली साखर तपासून घ्यावी. शर्ट खोचून टापटीप दिसणारा अठ्ठावीस वर्षांचा मुलगाही यात येऊ शकतो.

झोपेचा हिशेब कोणी धरत नाही. शिकागोतल्या २००४ च्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. २०२२ च्या एका अभ्यासात साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या जाड माणसांची झोप रोज तासाभराहून थोडी वाढवली; खाण्याबद्दल काही न सांगताही ती दिवसाला सुमारे २७० कॅलरी कमी खाऊ लागली. रात्री साडेअकराला ‘सर, फायनल रेट काय?’ या मेसेजला उत्तर दिले नाही, तर ते सकाळी नऊला देता येते.

विक्रीतल्या माणसाला महिन्याच्या टार्गेटची सवय असते, म्हणून तो वजनालाही ‘महिन्यात दहा किलो’ असे टार्गेट लावतो. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत (२००२) ध्येय होते फक्त ७ टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल, आणि त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८५ किलोच्या माणसाला हे सहा किलो होतात. ते वर्षभरात उतरले तरी चालते.

आणि वर्ष म्हटले की या धंद्याचे पंचांग हाताशी आहेच. मार्च-एप्रिलमध्ये गुढीपाडव्याचे बुकिंग आणि १ एप्रिलला रेडी रेकनरचे दर बदलण्याआधी नोंदणीची धावपळ. मग अक्षय्य तृतीया. नवरात्र, दसरा ते दिवाळीचा पाडवा, हा दुसरा हंगाम. या महिन्यांत वजन उतरवण्याचा हट्टच धरू नये. आहे ते राखले, चहाची साखर आवरली आणि झोप सांभाळली की पुरे. उतरवायचे ते जून ते सप्टेंबर आणि दिवाळीनंतर. पावसाळ्यात व्हिजिट कमी होतात, पितृपंधरवड्यात आणि अधिक महिन्यात टोकन द्यायला लोक कचरतात. त्या रिकाम्या वेळेची चिंता करत टपरीवर बसण्यापेक्षा तेव्हाच चालण्याची आणि डब्याची घडी बसवावी. महिन्याला किलो-दीड किलो उतरले तर चार ते सहा महिन्यांत वर्षाचे काम होते.

डबा एक नको, दोन हवेत. साडेबाराचा छोटा, व्हिजिटच्या आधी उभ्याने दहा मिनिटांत खाता येईल असा: भाकरी किंवा पोळी आणि मटकीची घट्ट उसळ, किंवा दोन उकडलेली अंडी. पाचचा त्याहून छोटा: फुटाणे, मूठभर शेंगदाणे, एखादे फळ, जमले तर ताक. म्हणजे रात्री घरी माणूस हावरा होऊन शिरत नाही.

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेली दोन वेळा जेवणाची पद्धतही या क्षेत्रात बरेच जण करून पाहतात. सकाळी दहा आणि रात्री आठ अशा जेवणाच्या वेळा पक्क्या असतील आणि मधला गोड चहा नाकारता येत असेल, तर ती या नोकरीला सोयीची पडते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. साखर एकदम उतरण्याचा धोका असतो, आणि तेव्हा हातात गाडीचे स्टिअरिंग असू शकते.

एवढे करूनही काही गोष्टी एकट्या माणसाच्या हातात नाहीत. अनेक साइटवर स्त्रियांसाठी धड स्वच्छतागृह नसते, म्हणून विक्रीतल्या मुली दिवसभर पाणी पिणेच टाळतात. हे बिल्डरांनी उद्याच्या उद्या सुधारायला हवे. सॅम्पल फ्लॅटच्या झुंबरावर होणाऱ्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही. आणि टीम लीडरने एवढे तरी ठरवावे की प्रत्येकाला एक ते दोनच्या दरम्यान आळीपाळीने अर्धा तास जेवायला मिळेल, त्या वेळात त्याचा फोन दुसरा कोणी घेईल. गिऱ्हाइकाला ‘दोन वाजता या’ म्हटल्याने बुकिंग हातचे जात नाही. वीस वर्षांचे कर्ज काढून घर घेणारा माणूस अर्धा तास थांबतो.