पहिल्या अंकाचा शोध सोडून द्या

माझी मुलगी अकरावीत असताना तिने मला एकदा विचारले, "बाबा, सुपरहिरोंची कॉमिक्स वाचायची तर सुरुवात कुठून करू?" घरात कोणीतरी हा प्रश्न विचारावा म्हणून मी कित्येक वर्षे वाट पाहत होतो. माझी नोकरी हिशेब लिहिण्याची. कॉमिक्सचा अभ्यास हा रात्रीचा आणि रविवारचा उद्योग. साहित्याची पदवी नाही, कोणी गुरू नाही. जे मिळाले ते रद्दीच्या दुकानांतून आणि मुंबईच्या फुटपाथवरून गोळा करून वाचलेले. त्यामुळे तिचा प्रश्न ऐकून मला जरा जास्तच उत्साह आला. दोन रात्री बसून फुलस्केपची चार पाने भरली. १९३८पासून सुरुवात, पुढे वर्षवार अंक, महत्त्वाचे अधोरेखित. तिने यादी नीट वाचली, घडी घातली आणि "बघते" म्हणाली. पुढची दोन वर्षे तिने एकही कॉमिक हातात घेतले नाही.

ती यादी अजून माझ्याकडे आहे. तिच्यात माहितीची चूक एकही नाही, पण प्रश्नाचे उत्तर म्हणून ती पूर्ण चुकीची आहे. असे का, हे समजायला मला बराच काळ लागला. ते इथे मांडतो, कारण हाच प्रश्न मनात घेऊन दारातून परत गेलेले बरेच वाचक मला भेटले आहेत.

क्रमांक एकचा मोह

या यादीमागची समजूत माझी स्वतःचीच होती, आणि तिची किंमत मी आधी मोजलेली होती. तिशीत असताना 'एक्स-मेन'चा एक सुटा अंक हाती आला. पात्रे डझनभर, प्रत्येकाचे दुसऱ्याशी जुने वैर किंवा जुने प्रेम, आणि पानोपानी तारांकित टीप : हा प्रसंग अमुक क्रमांकाच्या अंकात पाहा. मला वाटले, आपला पाया कच्चा आहे. शिक्षण अर्धवट राहिलेल्या माणसाला हे फार लवकर वाटते. तेव्हा मी ठरवले, १९६३चा पहिला अंक गाठायचा आणि क्रमाने पुढे यायचे.

काळ्या-पांढऱ्या छपाईचे जाड संग्रह मिळवले, वही घातली, टिपणे काढू लागलो. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांची ही निर्मिती आजही लोकप्रिय आहे, पण ते सुरुवातीचे अंक वाचताना माझा जीव मेटाकुटीला आला. साठाव्या अंकाच्या आसपास मी वही बंद केली. नंतर कळले ते असे : १९७०च्या अखेरीस ६७व्या अंकापासून या मासिकात नव्या कथा येणे बंदच झाले होते. ९३व्या अंकापर्यंत, म्हणजे चारेक वर्षे, त्यात जुन्याच कथा पुन्हा छापल्या जात होत्या. आज जगाला माहीत असलेले एक्स-मेन उभे राहिले ते १९७५ साली. लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी एका विशेषांकात नवा चमू आणला आणि लगेच पुढे क्रिस क्लेअरमाँट यांनी लेखन हाती घेऊन ते सोळा वर्षे सांभाळले. माझ्या हाती आलेला अंक त्यांचाच होता. म्हणजे मी योग्य दारातच उभा होतो आणि ते सोडून मागच्या भिंतीवर डोके आपटायला गेलो.

पहिला अंकही मधूनच सुरू होतो

सुपरहिरो कॉमिक्सचा आरंभ जून १९३८ची तारीख छापलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकापासून धरतात. त्यात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन प्रथम आला. यापेक्षा अस्सल सुरुवात दुसरी कोणती? पण तो अंक उघडून पाहा. सुपरमॅनचे मूळ एका पानात आटोपले आहे, आणि पान उलटताच तो एका बांधलेल्या बाईला उचलून रात्रीच्या अंधारात धावत सुटला आहे. ती कोण, तिने काय केले, याचा खुलासा पुरता होत नाही. कारण साधे आहे. वर्तमानपत्रातील पट्ट्यांसाठी काढलेली चित्रे कापून, चिकटवून ही कथा तयार केली होती आणि जागेअभावी सुरुवातीचा भाग गाळला होता. गाळलेली पाने पुढच्या वर्षी, १९३९मध्ये, 'सुपरमॅन'च्या स्वतंत्र अंकात छापली गेली. तोवर वाचक थांबले नव्हते. या साऱ्या परंपरेचा पहिला वाचकही मधूनच आत शिरला होता.

हे वाचले तेव्हा मला माझे लहानपण आठवले. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि मराठीतही निघत असे. आमच्या वाचनालयात त्यांचे पाने फाटलेले गठ्ठे होते. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला 'फँटम' आम्हाला वेताळ म्हणून भेटला. आम्ही कोणी पहिल्या अंकापासून वाचले नाही. कधी शेवटचे पान नाही, कधी पहिली चार नाहीत. पण सोळाव्या शतकातील ते जहाज, चाच्यांचा हल्ला, कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ आणि बापाकडून मुलाकडे जाणारा तो मुखवटा, एवढे सगळ्यांना पाठ होते. कारण लेखक ते पुन्हा पुन्हा थोडक्यात सांगत असे. तीच गोष्ट महाभारताची. आदिपर्वापासून सुरुवात करून कर्णापर्यंत पोहोचलेला मराठी वाचक मला अजून भेटायचा आहे. कोणी आजीकडून शिरले, कोणी कीर्तनातून, कोणी नाटकातून. मोठ्या कथाविश्वात मधूनच शिरायचे असते, हे आपल्याला शिकवावे लागू नये. मला मात्र इंग्रजी पुस्तक हाती येताच त्याचा विसर पडला.

गुंता झाला कसा

मग तारांकित टिपा आणि अवघड संदर्भ आले कुठून? याचे उत्तर विक्रीच्या पद्धतीत आहे. सत्तरच्या दशकापर्यंत अमेरिकेत कॉमिक्स मुख्यतः वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर आणि किराणा-औषधांच्या दुकानांत विकली जात. न खपलेले अंक परत घेतले जात. पुढचा अंक वाचकाला मिळेलच याची खात्री नसे, म्हणून प्रत्येक अंक स्वतःपुरता उलगडून सांगावा लागे. कोणताही अंक कोणाचा तरी पहिला असतो, हे संपादकांना धरून चालावे लागे.

१९७३च्या सुमारास फिल स्यूलिंग यांनी प्रकाशकांकडून थेट माल उचलण्याची पद्धत सुरू केली. सवलत जास्त, पण न खपलेला अंक परत नाही. त्यातून फक्त कॉमिक्स विकणारी दुकाने वाढली. तिथे येणारा गिऱ्हाईक पक्का, दर आठवड्याचा. त्याच्यासाठी लिहिताना आधीचे सगळे माहीत आहे असे धरता येई. कथासातत्य घट्ट झाले आणि नवख्याची वाट अरुंद झाली.

प्रकाशकांना हे कळत होते. डीसीने १९८५-८६ साली 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या बारा अंकी कथेतून आपल्या अनेक समांतर पृथ्वी एक करून डाव नव्याने मांडला. २०११ साली तर बावन्न मालिका एकदम क्रमांक एकपासून सुरू केल्या. त्यात ९०४व्या अंकापर्यंत आलेले 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'ही होते. २०१६ साली त्यावर पुन्हा जुन्या हिशेबाने ९५७ हा आकडा छापला गेला. मी हिशेबनीस आहे. मुखपृष्ठावरील असा आकडा पाहिला की खतावणी कोण लिहिते आहे हे मला कळते. तो आकडा बहुतेक वेळा विक्रीसाठी असतो. वाचनाचा क्रम त्यावरून ठरवू नये.

मग कुठून शिरावे

माझ्या अनुभवात तीन दारे उघडी असतात.

पहिले दार पूर्ण झालेल्या कथेचे. आता बहुतेक गाजलेल्या कथा संग्रहरूपात मिळतात. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांचे 'बॅटमॅन : इयर वन' घ्या. बॅटमॅन कसा घडला, याची इतकी स्वच्छ कथा दुसरी नाही, आणि ती छापली गेली १९८७ साली, अंक क्रमांक ४०४ ते ४०७मध्ये. सुरुवात चारशे चारव्या अंकात असू शकते, याचा हा पुरावाच. सुपरमॅनसाठी ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचे बारा अंकी 'ऑल-स्टार सुपरमॅन'. त्याच्या पहिल्याच पानावर चार चौकटी आणि आठ शब्दांत सारी जन्मकथा उरकली आहे. लेखकांना ठाऊक आहे की एवढे तुम्हाला माहीत आहे. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे 'वॉचमेन' सगळे जण प्रथम सुचवतात. मी सुचवत नाही. ते या प्रकारावरचे भाष्य आहे. आधी दोन-चार साध्या सुपरहिरोकथा वाचून मगच ते घ्यावे, म्हणजे वार कुठे बसतो ते कळेल.

दुसरे दार लेखक-चित्रकारांच्या नावाचे. अमेरिकन सुपरहिरोवर बहुधा कंपनीची मालकी असते. लेखक बदलतात, पात्र चालूच राहते. त्यामुळे "मला बॅटमॅन आवडतो" याने दिशा मिळत नाही. "मला मॅझुकेलीची रेघ आवडते" याने मिळते. आपणही नाटकाला जाताना पात्र कोणाचे यापेक्षा ते कोण करते आहे हे विचारतो.

तिसरे दार विज्ञानकथेचे, आणि ज्यांना मुखवटे व झगे पाहून हसू येते त्यांनी याच दाराने यावे. फ्रान्स आणि जपानमध्ये कथा बहुधा निर्मात्याची असते आणि ती संपते. होदोरोव्स्की आणि मोबियस यांचे 'द इन्काल' सहा भागांत पुरे होते. कात्सुहिरो ओतोमो यांचे 'अकिरा' १९८२ ते १९९० या काळात क्रमशः आले. सहा जाड खंड, दोन हजारांहून अधिक पाने, पण पहिले पान खरोखरच पहिले आहे.

अगदी लहान कथा हवी असेल तर १९५३ची ईसी कॉमिक्समधील 'जजमेंट डे' वाचावी. लेखक अल फेल्डस्टीन, चित्रकार जो ऑर्लँडो. पाने दहाच्या आत. पृथ्वीवरून आलेला एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करतो. नारिंगी आणि निळे यंत्रमानव आतून तंतोतंत सारखे, फरक फक्त आवरणाचा. तरी निळ्यांची वस्ती वेगळी, कामे हलकी. निरीक्षक निकाल देतो : हा ग्रह आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात येण्यास अजून पात्र नाही. परतीच्या यानात तो शिरस्त्राण काढतो, आणि शेवटच्या चौकटीत कळते की तो कृष्णवर्णीय आहे. १९५४ साली कॉमिक्सवर आचारसंहिता आली. त्यानंतर ही कथा पुन्हा छापताना नियंत्रकांनी नेमक्या याच गोष्टीला हरकत घेतली. प्रकाशक विल्यम गेन्स हटले नाहीत. १९५६ साली कथा तशीच छापली गेली, आणि तो ईसीचा शेवटचा कॉमिक अंक ठरला. वेगळी वस्ती आणि हलकी कामे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. या कथेला आधीचा एकही अंक लागत नाही.

पान वाचताना

एक अडचण क्रमाची नसून डोळ्यांची असते. मोठेपणी कॉमिक्सकडे आलेला वाचक फुगे वाचतो आणि चित्रे ओलांडतो. त्याला कथा पोकळ वाटते. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये दाखवले आहे की दोन चौकटींमधल्या रिकाम्या फटीत जे घडते ते वाचक स्वतः पुरे करतो. म्हणून माझी पद्धत सांगतो. आधी पूर्ण पानावर नजर टाकावी, मग फुगे वाचावेत, मग एकदा फक्त चित्रे पाहावीत. जपानी पुस्तक मूळ मांडणीत असेल तर उजवीकडून डावीकडे वाचावे. अनोळखी पात्र आले तर थांबू नये. गावच्या लग्नात आपण प्रत्येक पाहुण्याचे नाते विचारत बसत नाही. जो महत्त्वाचा असतो तो पुन्हा भेटतो. तारांकित टिपेलाही घाबरू नये. ती थोडी मदत आणि थोडी जाहिरात असते.

माझ्या मुलीचे सांगायचे राहिले. पुढे कॉलेजात असताना मैत्रिणीकडून आणलेले एक पुस्तक तिच्या हातात दिसले : जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना यांचे २०१४मधील 'मिस मार्व्हल'. त्याची नायिका कमला खान ही जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी कुटुंबातील शाळकरी मुलगी, स्वतःच सुपरहिरोंची चाहती. मी सवयीने म्हणालो, "याच्या आधीची मिस मार्व्हल १९७७ची आहे, ती—" तिने पान न मिटता उत्तर दिले, "बाबा, कमलालासुद्धा सगळे माहीत नाहीये. तिचे चाललेय ना?"

मी गप्प बसलो. पाया कच्चा असल्याची जी भीती मी आयुष्यभर बाळगली, तीच चार पानांवर लिहून मी तिच्या हाती दिली होती. आता कोणी विचारले की मी यादी देत नाही. त्यांना काय आवडते ते विचारतो आणि एकच पुस्तक देतो. ते परत आणायला माणूस आला, की मग दुसरे.