सरकारने सरकारला विकलेली नऊ विमाने

दिवाळी म्हटली की खरेदी आलीच. कापडचोपड, फराळाचे सामान, मुलांचे फटाके, आणि ज्या घरी बोनस हाती पडला असेल तेथे एखादी मोठी वस्तू. अशी मोठी वस्तू घेताना आपण चार दुकाने हिंडतो, भाव करतो, ओळखीचा माणूस गाठतो आणि शेवटी "गॅरंटी किती वर्षांची?" असे विचारून पैसे मोजतो. आता वाचकहो, अशी कल्पना करा की घ्यावयाची वस्तू आहे विमान. तेही साधे नव्हे, समुद्राच्या पोटात दडून बसलेल्या पाणबुड्या हुडकून काढणारे. गिऱ्हाईक आहे ब्रिटनचे सरकार, आणि गल्ल्यावर कोणी व्यापारी नव्हे, तर खुद्द अमेरिकेचे सरकार बसले आहे! ही कल्पना नव्हे. २०१६ साली हा सौदा खरोखरच झाला.

माझी सारी नोकरी सरकारी खरेदी खात्यात गेली. टेंडरे, कोटेशने आणि इंडेंट यांच्या ढिगाऱ्यात ज्याने तीस वर्षे काढली, त्याची खोड निवृत्तीनंतर थोडीच सुटते! माझे समवयस्क कोणी भजनात रमतात, कोणी बागेत. मी देशोदेशींच्या सरकारी खरेदीची हकीकत वाचीत बसतो. "त्यापेक्षा वाण्याची यादी करा," असे आमच्या सौ.चे मत आहे, आणि ते अगदीच गैर आहे असे मला म्हणवत नाही. पण या नऊ विमानांच्या कथेत असे काही आहे की ते कोणाही संसारी माणसाला पटावे. म्हणून ती येथे सांगतो.

ब्रिटन हे बेट आहे. त्याचे अन्न, तेल, कच्चा माल सारे समुद्रावरून यावयाचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी नेमका हाच गळा आवळला होता. अटलांटिक महासागराच्या मधोमध एक पट्टा असा होता की तेथवर किनाऱ्यावरून उडालेले विमान पोचतच नसे, आणि पाणबुड्या तेथे मोकाट सुटत. तो पट्टा बुजविला लांब पल्ल्याच्या 'लिबरेटर' विमानांनी. ही विमाने अमेरिकन बनावटीची; ब्रिटिश हवाई दलाच्या १२० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने ती १९४१ पासून वापरावयास घेतली. १९४३ च्या मे महिन्यापर्यंत पारडे फिरले. म्हणजे अमेरिकेच्या विमानाने ब्रिटनच्या समुद्राची राखण करावी, हा प्रकार नवा नव्हे.

युद्ध संपले तरी ही राखण संपली नाही. १९६९ पासून ब्रिटनची अण्वस्त्रे वाहणारी एक तरी पाणबुडी अहोरात्र समुद्रात असते. या पाणबुड्यांचा तळ स्कॉटलंडात क्लाइड नदीच्या मुखाजवळ आहे. त्यांची सारी मदार लपून राहण्यावर. बाहेर पडताना एखादी परकी पाणबुडी दबा धरून मागे लागली, तर सगळाच खेळ उघडा पडला! म्हणून वाट मोकळी आहे की नाही हे आधी पाहून ठेवावे लागते. हे काम बरीच वर्षे 'निमरॉड' नावाच्या विमानांनी केले. जगातील पहिले जेट प्रवासी विमान 'कॉमेट', त्याच्याच सांगाड्यावर बेतलेले हे विमान १९६९ साली सेवेत आले.

निमरॉड म्हातारे झाले, तेव्हा १९९६ मध्ये सरकारने ठरविले की नवे विमान घेण्यापेक्षा जुन्याच धडांना नवे पंख, नवी एंजिने आणि नवी यंत्रे बसवावी. जुन्या वाड्याची डागडुजी ज्यांनी केली आहे त्यांना पुढे काय झाले ते सांगावयास नको. ती धडे मुळात कारागिरांनी हाताने घडविलेली. एकाचे माप दुसऱ्याशी तंतोतंत जुळेना. खर्च फुगत गेला, मुदत लांबत गेली, आणि मागणी एकवीस विमानांवरून घसरत नऊवर आली. मार्च २०१० मध्ये जुनी निमरॉड निवृत्त झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, तिजोरीत खडखडाट आहे म्हणून, नवी निमरॉडही रद्द करण्यात आली. तीन अब्ज पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली होती. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे लक्षात घ्या. आणि २०११ च्या आरंभी ती विमाने कारखान्याच्या आवारातच यंत्रांनी फोडून भंगारात काढली गेली.

दाराला कुलूप नाही, आणि राखणदारही नाही, अशी स्थिती झाली. २०१४ च्या अखेरीस स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ परकी पाणबुडी असल्याचा संशय आला, तेव्हा लॉसीमथच्या विमानतळावर अमेरिका, कॅनडा व फ्रान्स यांची विमाने येऊन शोध घेऊ लागली. ज्या राष्ट्राने एके काळी साऱ्या जगाच्या समुद्रांवर हुकमत गाजविली, त्याला आपल्याच अंगणात शोध घेण्यासाठी शेजाऱ्यांना हाका माराव्या लागल्या.

अखेर नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रिटनने जाहीर केले की अमेरिकेची 'पी-८ पोसायडन' जातीची नऊ विमाने घ्यावयाची. हे विमान बोइंग कंपनीचे. त्याचे धड आपल्या ओळखीचेच आहे. मुंबईहून दिल्लीला जाताना ज्या ७३७ विमानात आपण बसतो, त्याचाच हा भाऊ. फरक आहे तो पोटात. प्रवाशांच्या खुर्च्यांच्या जागी पडद्यांसमोर बसलेले यंत्रचालक असतात, खाली पाणतीर असतात, आणि सोबत असतात 'सोनोबॉय' नावाची नळकांडी, तीही शंभराच्या वर. सुमारे दोन हात लांबीचे हे नळकांडे विमानातून टाकले की छत्री उघडून अलगद पाण्यावर पडते. त्याचे डोके वर तरंगते, आणि तारेला बांधलेला कान खोल पाण्यात उतरतो. पाणबुडीच्या पंख्याचा आवाज या कानाला ऐकू आला की रेडिओवरून वर विमानात कळतो. असे अनेक कान ओळीने टाकावयाचे, आणि कोणता आवाज मोठा, कोणता लहान, यावरून पाणबुडीचा माग काढावयाचा. काम संपले की ते नळकांडे आपोआप बुडते.

आता खरेदीची पद्धत पाहा. माझ्या आवडीचा भाग हाच. ब्रिटनने बोइंगशी थेट भाव केला नाही. अमेरिकेत १९७६ चा शस्त्रनिर्यातीचा एक कायदा आहे. त्यानुसार मित्रराष्ट्राने अमेरिकन सरकारला पत्र लिहावयाचे: आम्हाला अमुक वस्तू हवी. मग सरकार अंदाजी किंमत काढते आणि रक्कम मोठी असेल तर आपल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, सूचना देते. गिऱ्हाईक 'नाटो' गटातले असेल तर काँग्रेसला हरकत घेण्यासाठी पंधरा दिवस. भारतासारख्या इतर राष्ट्रांच्या बाबतीत तीस दिवस. ही मुदत निर्वेध गेली की अमेरिकन सरकार देकाराचे पत्र देते, गिऱ्हाईक त्यावर सही करते, आणि सौदा पक्का होतो. पुढे अमेरिकन सरकार कारखान्याकडून माल घेते आणि गिऱ्हाइकाच्या हवाली करते. पैसे हप्त्याहप्त्याने आगाऊ भरावयाचे. विक्रीत सरकारने नफा घ्यावयाचा नाही असा दंडक आहे. मात्र कारभाराचा आकार लागतो, तो २०१८ पासून शेकडा ३.२ आहे.

यात गिऱ्हाइकाचा फायदा कोणता? आपण चाळीतली दहा बिऱ्हाडे मिळून घाऊक बाजारातून गहू आणतो, तोच. २०१७ च्या मार्चमध्ये बोइंगला सतरा विमानांचे एकच कंत्राट देण्यात आले: अकरा अमेरिकन नौदलासाठी, चार ऑस्ट्रेलियासाठी आणि दोन ब्रिटनसाठी. मोठ्या गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहिले की भावही बरा पडतो, आणि माल तपासून घेण्याचे काम परभारे होते.

काँग्रेसपुढे मार्च २०१६ मध्ये जो आकडा गेला तो होता ३.२ अब्ज डॉलर. असा आकडा वाचून पुष्कळांचे डोळे पांढरे होतात, आणि त्याला नवाने भागून "एक विमान इतक्याला!" असा हिशेब कोणीतरी लगेच मांडतो. खरेदी खात्यातला माणूस असे करणार नाही. हा आकडा म्हणजे कमाल अंदाज. त्यात सुटे भाग, जादा यंत्रे, शिक्षण, देखभाल असे बरेच काही असते. आपल्याकडचे उदाहरण घ्या. भारताने याच विमानाची आपली आवृत्ती, 'पी-८आय', २००९ मध्ये बोइंगकडून थेट घेतली: आठ विमाने, सुमारे २.१ अब्ज डॉलर. २०१६ मध्ये आणखी चार सांगितली. आज त्यांतली काही गोव्याला 'आय. एन. एस. हंसा' या तळावर आहेत. वास्को-दाबोळीकडील वाचकांनी ती पाहिलीही असतील. पुढे एप्रिल २०२१ मध्ये भारतासाठी आणखी सहा विमानांची सूचना काँग्रेसपुढे गेली, ती सरकारी मार्गाने, आणि आकडा होता २.४२ अब्ज. आठाला २.१ आणि सहाला २.४२! वरवर पाहता ही लूटच. पण मध्ये बारा वर्षे गेली, आणि दोन्ही याद्यांतले सामान सारखे नाही. दोन कोटेशने शेजारी ठेवण्यापूर्वी त्यांच्या तळटिपा वाचाव्यात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकविले होते.

ब्रिटनच्या वाट्याला दुसराच फटका आला. बिल डॉलरमध्ये. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि पौंड कोसळला. दीड डॉलरच्या घरात असलेला पौंड, ११ जुलैला फार्नबरो येथे सौदा जाहीर झाला तेव्हा, एक डॉलर तीस सेंटांच्या आसपास होता. वस्तू तीच, दुकान तेच, पण आपल्याच खिशातल्या नाण्याचे वजन अठरा दिवसांत घटले.

शिवाय तयार कपडा घेतला की तो अंगाला कोठेतरी टोचतोच. हवेत उडतउडत इंधन भरण्याच्या दोन रीती आहेत. अमेरिकन रीतीत टँकर विमानातून एक ताठ नळी खाली येऊन घेणाऱ्या विमानाच्या पाठीत बसते. ब्रिटिश रीतीत टँकर रबरी नळी मागे सोडतो आणि घेणारे विमान आपली सोंड तीत खुपसते. पोसायडन पहिल्या रीतीचे, तर ब्रिटनचे टँकर दुसऱ्या. परिणामी ब्रिटनच्या या विमानाला ब्रिटनच्याच टँकरकडून थेंबभर इंधन घेता येत नाही. पाणतीरांचेही तसेच. ब्रिटनचा स्वतःचा 'स्टिंग रे' पाणतीर होता; पण ही विमाने सेवेत आली ती अमेरिकन पाणतीर घेऊन. त्याखेरीज करारातल्या नेहमीच्या अटी आहेतच: अमेरिकेच्या संमतीवाचून ही वस्तू तिसऱ्याला देता येत नाही. घर आपले, पण पोटभाडेकरू ठेवावयाचा तर मालकाला विचारावयाचे.

पहिले विमान ४ फेब्रुवारी २०२० रोजी स्कॉटलंडात उतरले. नववे व शेवटचे जानेवारी २०२२ मध्ये. आणि आता मला जी गोष्ट सांगावयाची होती ती.

दहा वर्षे विमान नव्हते. मग आकाशातून समुद्राचा कानोसा घेण्याची विद्या कोठे राहिली? ही विद्या पुस्तकात नसते. मासळीचा थवा, जहाजाचा पंखा आणि पाणबुडी यांच्या आवाजांतला भेद वर्षानुवर्षे ऐकूनच कानात मुरतो. विमाने भंगारात काढणाऱ्या त्याच सरकारने एक शहाणपण मात्र केले. अनुभवी वैमानिक व यंत्रचालक यांतले काही थोडे लोक निवडून त्याने अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत त्यांच्या विमानांवर काम करावयास पाठविले. या योजनेचे नाव होते 'सीडकॉर्न', म्हणजे चक्क 'बियाणे'! आपला कुणबी दुष्काळात पोटाला चिमटा घेतो, पण बियाण्याच्या कणगीला हात लावीत नाही. तीच ही दृष्टी. ही माणसे वर्षानुवर्षे परक्या गणवेशांच्या सोबतीने, परक्या विमानांत बसून, आपल्या नसलेल्या विमानाची वाट पाहात राहिली. विमाने आली तेव्हा ती परतली, आणि नव्या पोरांना त्यांनी शिकविले. ज्या स्क्वॉड्रनमध्ये ती दाखल झाली तिचा क्रमांक होता १२०, म्हणजे १९४१ ची लिबरेटरवालीच. एका नव्या विमानाच्या अंगावर टेरेन्स बुलक हे नाव रंगविलेले आहे. हा त्या महायुद्धातला, लिबरेटर उडविणारा वैमानिक. पाणबुड्यांच्या शिकारीत ब्रिटिश किनारी दलात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात करार झाला. जर्मनीनेही हीच विमाने सांगितली आहेत, आणि ती अधूनमधून लॉसीमथच्या तळावरून उडणार असे त्यात ठरले. ज्यांच्या पाणबुड्यांच्या भीतीने १९४१ मध्ये लिबरेटर आणली, त्यांचीच विमाने आता त्याच समुद्रावर सोबतीला येणार!

नऊ विमानांचा हा जमाखर्च मी पुन्हापुन्हा वाचला. भंगारात गेलेले तीन अब्ज पौंड त्यात आहेत, काँग्रेसपुढचे ३.२ अब्ज डॉलर आहेत, घसरलेला पौंडही आहे. परमुलखात राखून ठेवलेल्या त्या मूठभर माणसांचा खर्च मात्र या आकड्यांपुढे इतका किरकोळ, की कोणी हिशेबनीस त्यावर बोटही ठेवणार नाही. आणि तेवढाच खर्च वाचविला असता, तर लॉसीमथच्या धावपट्टीवर नऊ सुंदर विमाने उभी राहिली असती, आणि आत बसून ऐकावयास जाणता कान मिळाला नसता.